सिंड्रेला या अमेरिकन रॉक बँडचा ‘लाँग कोल्ड विंटर’ हा त्यांच्याच ‘नाइट साँग्ज’पेक्षा खरंच पुढचा अल्बम आहे का, की ग्लॅम (मेकअप आणि फुगवलेल्या केसांचे रॉक) बँड शेवटी सगळे सारखेच? ऐकायला सुरुवात कुठून करावी?

“सगळे सारखेच” वाचलं आणि डोकं फिरलं म्हणून लिहितोय, नाहीतर मी उत्तरं वगैरे देत नाही.

पुढचा आहे, चांगलाच पुढचा आहे. नाइट साँग्ज (१९८६) म्हणजे एसी/डीसी या हार्ड रॉक बँडचा कित्ता गिरवलेला आणि वर हेअरस्प्रे. खपला तुफान, त्यातलं शेक मी आजही लागलं तर मी आवाज वाढवतो, पण नवीन त्यात फार काही नाही. दोनच वर्षांनी लाँग कोल्ड विंटर आला, त्याची सुरुवातच बॅड सीमस्ट्रेस ब्लूजच्या स्लाइड गिटारने (बोटात नळी घालून तारांवर सरकवत वाजवतात ती) होते, मिसिसिपीकडचे जुने ब्लूजवाले वाजवायचे तशी.

माझ्याकडे टीडीकेची नव्वद मिनिटांची कॅसेट होती, पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानातून भरून घेतलेली, एका बाजूला नाइट साँग्ज आणि दुसऱ्या बाजूला हा. शेवटचं टेक मी बॅक अर्धवट कापलं गेलेलं, त्यामुळे ते गाणं कसं संपतं हे मला कित्येक वर्षं माहीतच नव्हतं. बाजू उलटली की दुसराच बँड वाजतोय असं वाटायचं. मला स्लाइडचं वेड लागलं ते तिथून, प्लंबरकडून पाईपचा तुकडा कापून आणला, कानस मारून कडा गुळगुळीत केल्या आणि घरच्यांना उच्छाद आणला.

तेव्हा आमचा कॉलेजचा बँड होता. गॅदरिंगला याच अल्बममधलं जिप्सी रोड घेऊया म्हणालो तर ड्रमर म्हणे, “अरे ती पार्लरवाली पोरं, त्यांचं काय वाजवायचं, लोक हसतील.” हा माणूस रेनबो या रॉक बँडचा भक्त, त्यांचा ड्रमर कोझी पॉवेल याला देव मानायचा, बॅगेत त्याचा फोटो. त्याच्यापुढे बाकीचे दोघेही गप्प बसले आणि शेवटी आम्ही स्टेजवर तेच वाजवलं जे त्या वर्षी सगळ्याच कॉलेजांचे बँड वाजवत होते. तिसरे आलो. बँड तीनच होते.

पुढे इंटरनेट आल्यावर वाचलं की या अल्बमवर फ्रेड कुरी, म्हणजे बँडचा स्वतःचा ड्रमर, वाजवतच नाही. ड्रम्स आहेत डेनी कार्मासीचे आणि, आता बसून घ्या, कोझी पॉवेलचे! आमच्या कॅसेटवर दुकानदाराच्या अक्षरात नुसती गाण्यांची नावं, त्यामुळे तेव्हा कळायला काही मार्गच नव्हता. मी लगेच आमच्या त्या ड्रमरला फोन केला. तो काय म्हणाला असेल? “मग ड्रम्स चांगले असतील, बाकी सगळी झेपेलिनची उचल.” (म्हणजे लेड झेपेलिन, सत्तरच्या दशकातला दिग्गज ब्रिटिश रॉक बँड.) अजूनही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो हेच बोलतो.

तर उचलीचं बघू. लाँग कोल्ड विंटर हे गाणं झेपेलिनच्या सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यूच्या वळणाचं आहे, मान्य, कुणीही ओळखेल. निर्माता अँडी जॉन्स, जो झेपेलिनच्या चौथ्या अल्बमचा इंजिनिअर होता, म्हणून लोक म्हणतात ही सगळी त्याची करामत. अहो पण नाइट साँग्जचा निर्माताही तोच होता ना? मग तेव्हा का नाही असं वाजलं? बदलला तो सिंड्रेलाचा गायक-गिटारिस्ट टॉम कीफर. गाणी त्याची, आणि हा ब्लूज पोटातून आलेला आहे हे ऐकताना कळतं. पुढच्याच हार्टब्रेक स्टेशन (१९९०) या अल्बमच्या शीर्षकगीतात व्हायोलिन वगैरेची अरेंजमेंट खुद्द झेपेलिनच्या जॉन पॉल जोन्सने केली. तो काय उचल करणाऱ्यांकडे जाईल? माझ्या मते ग्लॅममध्ये इतकी उडी दुसऱ्या कुणी मारली नाही. स्किड रो या दुसऱ्या ग्लॅम बँडचं नाव लोक घेतात, पण ते जास्त जड झाले, ती वेगळी गोष्ट.

तुम्हीही बँडमध्ये असाल आणि तुमचा ड्रमर नाही म्हणत असेल तर ड्रमर बदला. मी नाही बदलला.

हां, काही गोष्टी राहिल्या. कीफरचा तो फाटका चिरका आवाज सगळ्यांना झेपत नाही, माझी बायको दुसऱ्या मिनिटाला खोलीतून उठून जाते. अख्खा अल्बम काही सोनं नाही, इफ यू डोन्ट लाइक इट आणि फायर अँड आइस ही भरताड आहे. सगळ्यात गाजलेलं डोन्ट नो व्हॉट यू गॉट, अमेरिकेत १२ नंबरपर्यंत गेलेलं, तो चालू पद्धतीचा पियानो बॅलडच आहे, फक्त चांगला केलेला. म्हणजे जुनी सवय पूर्ण सुटली नव्हती.

सुरुवात कुठून, तर जिप्सी रोड, मग शीर्षकगीत हेडफोन लावून, मग कमिंग होम. त्यानंतर सरळ हार्टब्रेक स्टेशन, नाइट साँग्ज नंतर ऐका. १९९१ च्या सुमारास कीफरच्या डाव्या स्वरतंतूला लकवा झाला, पुढचा अल्बम स्टिल क्लाइंबिंग यायला १९९४ उजाडलं आणि तोवर ग्रंजने (निर्वाणासारख्या बँडच्या खरबरीत रॉकने) ग्लॅमचा बाजार उठवला होता. तो अल्बम वेळ असेल तर ऐका, नसेल तर राहू द्या.