युद्धनौकेच्या इतिहासावरून खलाशाला असलेला अ‍ॅस्बेस्टॉसचा धोका कळतो का?

आपले वडील १९६०च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या गिअरिंग वर्गातील विनाशिकेवर बॉयलर विभागात होते, आता त्यांना दम लागतो, आणि जहाजाच्या इतिहासावरून अ‍ॅस्बेस्टॉसशी आलेला संबंध समजेल का, असे आपण विचारले आहे. बऱ्याच अंशी समजतो; मात्र त्यासाठी लढायांच्या नोंदींपेक्षा जहाज दुरुस्तीसाठी गोदीत केव्हा उभे होते, ते आधी पाहावे.

या विनाशिकांच्या बॉयलरमधील वाफेचा दाब चौरस इंचाला सुमारे ६०० पौंड आणि तापमान ४५० अंश सेल्सिअसच्या आसपास असे. म्हणून बॉयलर, टर्बाइन आणि वाफेच्या पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसचे लॅगिंग, म्हणजे उष्णता रोखणारे जाड आवरण असे, आणि गॅस्केट (जोडांमधली गळती रोखणारी चकती) व व्हॉल्व्हचे पॅकिंगही बहुधा त्याचेच. वरून कापड आणि रंग शाबूत असलेले लॅगिंग फारसे तंतू सोडत नाही. ते फोडले की हवा भरून जाते. १९६०च्या दशकात या वर्गातील अनेक जहाजांचे मोठे आधुनिकीकरण झाले. त्या काळात आपले वडील जहाजावरच होते का, हे जरूर तपासा.

मी स्वतः व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काम केले आहे. फ्लँजला, म्हणजे पाइपाच्या जोडाच्या कडेला घट्ट बसलेले जुने गॅस्केट पात्याने खरवडून वायर ब्रशने घासताना जी भुकटी उडते, ती टॉर्चच्या झोतात आली तरच दिसते, आणि आपण मात्र तीच हवा तासन्‌तास श्वासात घेत असतो.

डेक लॉग, म्हणजे जहाजावरील रोजच्या नोंदवह्या, अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मिळतात, त्यावरून गोदीतील तारखा जुळवता येतील. वैयक्तिक सेवा-नोंदी सेंट लुईस येथे आहेत. तेथील १९७३च्या आगीत भूदल आणि हवाई दलाची बरीच कागदपत्रे जळाली, नौदलाची वाचली. त्यांत हुद्दा आणि जहाजावरील कालावधी नक्की पाहा.

कागद येईपर्यंत तपासणी मात्र थांबवू नका. फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, संपर्कानंतर साधारण २० ते ५० वर्षांनी प्रकट होतो, आणि डॉक्टर एवढ्या जुन्या नोकरीबद्दल आपण होऊन विचारतीलच असे नाही. ‘बॉयलर रूममध्ये इतकी वर्षे’ असे स्पष्ट सांगून छातीचा सीटी स्कॅन आणि श्वासक्षमतेची चाचणी आवश्यक आहे का, ते विचारा. वडील धूम्रपान करत असतील, तर तेही सांगा, कारण अ‍ॅस्बेस्टॉस आणि तंबाखू एकत्र आल्यास फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.