भाग निर्दोष असेल, तर कागदाचा एवढा आग्रह कशासाठी?

तपासणीत निर्दोष ठरलेला विमानाचा सुटा भाग केवळ प्रमाणपत्र नाही म्हणून का नाकारतात आणि ही कागदपत्रे कमी करता येतील का, असे आपण विचारले आहे. स्टोअर्समध्ये आलेले सुटे भाग तपासून घेणे हेच माझे काम असल्याने हा प्रश्न मला लागला. याहून कठोर शब्दांत तो मला पूर्वी तोंडावर विचारला गेला आहे.

एकदा लँडिंग गिअरची, म्हणजे विमानाच्या चाकांच्या यंत्रणेची, एक पिन आली. सोबत एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचे, 8130-3 हे सुट्या भागाचे प्रमाणपत्र होते. त्याच्या दहाव्या रकान्यातील अनुक्रमांक मी पिनेवर कोरलेल्या अंकांशी भिंगाखाली ताडून पाहिला, तर कागदावर शेवटी 38 आणि धातूवर 83. विमान हँगरमध्ये खोळंबले होते. आमचे वरिष्ठ अभियंते म्हणाले, "टायपिंगची चूक आहे. पेनाने दुरुस्त करा आणि पिन सोडा. विमान कागदावर उडत नाही." मी पिनेला लाल टॅग बांधला आणि ती वेगळ्या कपाटात कुलूपबंद केली. सुधारित प्रमाणपत्र दुसऱ्या दिवशी दुपारी आले. चूक खरोखरच टायपिंगची निघाली, आणि ते मला पुढे कित्येक वर्षे ऐकवले गेले.

तरीही माझा निर्णय बरोबरच होता. अशा पिनेचे आयुष्य लँडिंगच्या संख्येत मोजतात. दोनशे लँडिंग झालेली पिन आणि मर्यादेच्या काठावर आलेली पिन भिंगाखाली अगदी सारख्या दिसू शकतात. तपासणीत आज असलेली भेग सापडते, पण आजवर सोसलेला ताण नोंदींतूनच कळतो, आणि त्या नोंदी अनुक्रमांकावरूनच शोधाव्या लागतात. 1989 साली पार्टनेअर या नॉर्वेच्या विमान कंपनीचे कॉन्व्हेअर 580 विमान डेन्मार्कजवळ समुद्रात कोसळून 55 जण दगावले. त्याच्या उभ्या शेपटीच्या जोडणीत बनावट, कमी ताकदीचे बोल्ट सापडले. 2023 साली सीएफएम56 या प्रवासी विमानांच्या इंजिनांचे सुटे भाग खोट्या प्रमाणपत्रांसह विकले गेल्याचे उघड झाले. हे ठाऊक असूनही जो पेनाने अंक बदलायला सांगतो, त्याने भागांना हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात प्रत्येक कागद आवश्यक असतो, असे मी म्हणत नाही. प्रकाशित मानकांनुसार बनलेल्या साध्या नट-बोल्टांना बहुधा उत्पादकाचे अनुरूपता प्रमाणपत्र, म्हणजे माल मानकानुसार असल्याची लेखी ग्वाही, पुरते, आणि एकच माहिती तीन ठिकाणी भरायला लावणारे अर्ज खुशाल बंद करावेत. शिवाय 8130-3 प्रमाणपत्र म्हणजे भाग बसवण्याची परवानगी नव्हे, हे त्या फॉर्मवरच छापलेले असते. बसवणाऱ्याची जबाबदारी उरतेच.

मात्र प्रमाणपत्रातील चूक सुधारण्याचा अधिकार ते देणाऱ्या संस्थेचाच आहे. ती नव्या क्रमांकाचे प्रमाणपत्र देते आणि त्याच्या बाराव्या रकान्यात कोणत्या जुन्या प्रमाणपत्रातील कोणता रकाना दुरुस्त केला, हे लिहिते. त्या दिवशी मी त्याच एका ओळीसाठी थांबलो होतो.