ली हे चिनी आडनाव खरंच लाओत्से या प्राचीन चिनी तत्त्वज्ञापासून आलं का?

तसा पुरावा नाही. परंपरेनुसार हे न्यायाधीशाचं घराणं. त्यांचं जुनं आडनावही ‘ली’च, पण ते लिहायचं अक्षर वेगळं. प्राचीन चीनमधल्या शांग घराण्याच्या राजाच्या रोषातून पळालेला एक वंशज रानातल्या आलुबुखारांवर जगला, म्हणून त्याने त्याच उच्चाराचं ‘आलुबुखार’ हे अक्षर घेतलं. गोष्ट झकास, पण मला ती मागाहून जुळवलेली वाटते.

खरा वाद तांग घराण्याचा (618–907). या ली सम्राटांनी लाओत्सेलाच पूर्वज ठरवलं. फालिन या बौद्ध भिक्षूने मात्र सम्राट ताइझोंगला तोंडावर सुनावलं, की तुमचं मूळ उत्तरेकडच्या तुओबा या बिगर-चिनी लोकांत आहे! बिचाऱ्याला शेवटी हद्दपारी मिळाली. शिवाय तांग दरबार मर्जीतल्या परक्या सरदारांनाही ‘ली’ आडनाव बहाल करायचा, त्यामुळे सगळे ली एका रक्ताचे नाहीत.