एकाच पानावरच्या पोर्टलेटांनी आपसात बोलायचं कसं?

जावा पोर्टलवर, म्हणजे पोर्टलेट नावाचे छोटे स्वतंत्र भाग जोडून पान बनवणाऱ्या वेबसाइटवर, काम करणाऱ्यांच्या प्रश्नांत या वेळी एकच दुखणं पुन्हा पुन्हा दिसलं: एका पोर्टलेटमध्ये काही बदललं, तर शेजारच्याला ते कळवायचं कसं? त्यातले चार प्रश्न घेतो.

डावीकडे प्रभागांची यादी, उजवीकडे तक्रारींचा तक्ता. निवडलेला प्रभाग आम्ही सेशनमध्ये (सर्व्हरने त्या वापरकर्त्यासाठी राखलेल्या साठ्यात) ॲप्लिकेशन स्कोपने, म्हणजे त्याच ॲप्लिकेशनच्या सगळ्या पोर्टलेटांना दिसेल असा, ठेवतो. पण कर्मचाऱ्याने दोन टॅब उघडले की एकातला प्रभाग दुसऱ्यात दिसतो. (नाशिक)

यात कर्मचाऱ्याची काहीच चूक नाही. सेशन टॅबचं नसतं, ते दोन्ही टॅबना मिळून एकच असतं. शेवटची निवड ज्या टॅबमध्ये झाली, तीच दोन्हीकडे लागू होते.

ही सवय जेएसआर १६८ या पोर्टलेटांच्या मानकाच्या काळातली, म्हणजे २००३ सालची. त्या मानकात पोर्टलेटांच्या आपसातल्या संवादाची वेगळी सोय नव्हती. एकाच वॉर फाइलमधल्या (एकत्र बांधून सर्व्हरवर चढवलेल्या) पोर्टलेटांना सेशन हाच सामाईक कोनाडा होता. २००८ मध्ये जेएसआर २८६ हे पुढचं मानक आलं आणि पब्लिक रेंडर पॅरामीटर, म्हणजे अनेक पोर्टलेटांना वाचता येणारा सामाईक पॅरामीटर, मिळाला. तुम्हाला तोच हवा आहे.

प्रभागाचा पॅरामीटर पोर्टलेट.एक्सएमएल या वर्णनाच्या फाइलमध्ये जाहीर करा आणि दोन्ही पोर्टलेट तो वापरतात हेही तिथेच लिहा. यादीतली प्रत्येक लिंक रेंडर यूआरएल (पान फक्त दाखवणारा पत्ता) करून तिच्यात तो घाला. तक्ता तो नेहमीच्या पॅरामीटरसारखा वाचेल. लाइफरे या पोर्टलमध्ये हे मूल्य यूआरएलमधून जातं. त्यामुळे प्रत्येक टॅब आपापला प्रभाग सांभाळतो, बॅक बटण नीट चालतं, आणि साहेबांना लिंक पाठवली तर त्यांच्याकडेही तोच प्रभाग उघडतो.

पॅरामीटरमध्ये फक्त मजकूर जातो, ऑब्जेक्ट जात नाही. मला ही मर्यादा सोयीचीच वाटते. प्रभागाचा क्रमांक पाठवावा, बाकीची माहिती ज्याची त्याने डेटाबेसमधून घ्यावी. मात्र यूआरएलमधला क्रमांक कोणीही बदलू शकतो. समोरच्याला तो प्रभाग पाहण्याचा अधिकार आहे का, हे तक्त्याने दर वेळी तपासलंच पाहिजे. सेशनवरून पॅरामीटरवर येताना नेमकी हीच गोष्ट राहून जाते.

मग इव्हेंट, म्हणजे एका पोर्टलेटने इतरांना धाडलेले निरोप, कधी वापरायचे? (पुणे)

‘सध्या काय निवडलंय’ हे सांगायला पॅरामीटर, ‘आत्ता काय घडलं’ हे सांगायला इव्हेंट. नवी तक्रार नोंदली गेली की प्रोसेसॲक्शनमध्ये (वापरकर्त्याची कृती हाताळणाऱ्या भागात) सेटइव्हेंट करा आणि सोबत तक्रार क्रमांक द्या. ज्या पोर्टलेटांनी तो इव्हेंट घेतो असं जाहीर केलंय, त्यांचं प्रोसेसइव्हेंट पोर्टल चालवतं आणि मगच रेंडरकडे, म्हणजे पान दाखवण्याकडे, वळतं. रेंडर चालू असताना इव्हेंट पाठवता येत नाही; बरेच जण इथेच अडकतात. इव्हेंट कोणाला आधी पोचेल याचीही हमी नसते, म्हणून ‘आधी तक्रारींचा आकडा वाढेल, मग यादी बदलेल’ असा हिशेब धरू नका.

पान पुन्हा लोड न करता, ब्राउझरमधल्याच लाइफरे.फायरने यादीकडून तक्त्याला निरोप देतो. कधी तक्ता बदलतो, कधी नाही. (ठाणे)

‘कधी चालतं, कधी नाही’ म्हटलं की मी आधी वेळ तपासतो. तक्त्याचं लाइफरे.ऑन, म्हणजे हाक ऐकण्याची नोंद, होण्याआधीच यादीने हाक दिली, तर ती वाया जाते. उशिरा आलेल्यासाठी कोणी थांबत नाही. म्हणून यादीने शेवटची निवड पानावर एका ठरलेल्या जागी ठेवावी. तक्त्याने सुरू होताच ऐकण्याची नोंद करावी आणि लगेच ती जागाही वाचावी.

याच्या उलट, तक्ता दोन-दोनदा बदलत असेल तर जुने श्रोते (लाइफरे.ऑनच्या आधीच्या नोंदी) शिल्लक आहेत. लाइफरे पान पूर्ण न बदलता पुढच्या पानावर नेतं, त्यामुळे ते आपोआप जात नाहीत. डिस्ट्रॉयपोर्टलेट या इव्हेंटवर ते काढून टाका.

नकाशा दुसऱ्या डोमेनवरून आयफ्रेममध्ये (पानातल्या पानाच्या चौकटीत) येतो. त्याला प्रभाग कसा कळवू? (नागपूर)

तिथे लाइफरेची हाक पोचत नाही, ब्राउझरचं पोस्टमेसेज वापरा. पाठवताना कोणासाठी आहे त्या जागी चांदणी (*, म्हणजे कोणीही) न टाकता नकाशाचा नेमका ओरिजिन (प्रोटोकॉल, डोमेन आणि पोर्ट मिळून होणारा पत्ता) लिहा. नकाशाकडून उत्तर आलं की त्याचाही ओरिजिन पूर्ण जुळवा. ‘त्यात आमच्या नकाशाचं डोमेन आहे का’ एवढंच पाहिलं, तर ते नाव पोटात घातलेला परका पत्ताही आत शिरतो.