घर बांधताना भट्टीची लाल वीट घ्यावी का? आणि रोजच्या जगण्यात कार्बन कमी करायचा तर हात कुठे घालावा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: गावाबाहेरच्या भट्टीची वीट घेतली तर प्रदूषणात आपला किती वाटा, आणि एरवी घरात काय बदललं तर खरंच फरक पडतो. मी सातारा-कराड भागात छोटी घरं बांधून देतो, तेव्हा विटेवर जरा जास्त बोलेन.

आपल्याकडची भट्टी म्हणजे कच्च्या विटांची रास. मध्ये कोळशाची चुरी, भुस्सा, राख यांचे थर द्यायचे, खालून पेटवायचं आणि निवेपर्यंत थांबायचं. निवताना विटांतली सगळी उष्णता हवेत जाते. पुढची भट्टी पुन्हा शून्यापासून तापवायची. म्हणून विटेच्या एका किलोमागे दोन ते तीन मेगाज्यूल उष्णता खर्च होते. उत्तरेत दिसतात त्या झिगझॅग भट्टीत आग पुढे पुढे सरकत राहते. आत येणारी हवा भाजून झालेल्या विटांवरून तापत येते आणि जाणारा धूर पुढच्या कच्च्या विटा गरम करून मग चिमणीतून निघतो. तिथे किलोमागे एक-सव्वा मेगाज्यूलमध्ये काम होतं.

पंधरा हजार विटांचं घर धरा, वीट तीन किलोची. सगळी उष्णता कोळशाचीच धरली तर आपल्या भट्टीतून साधारण 10 टन कार्बन डायऑक्साइड, झिगझॅगमधून 5 टन. (भुस्सा जास्त असेल तर आकडा उतरतो, पण कोळसा किती टाकला हे भट्टीवाला तुम्हाला कशाला सांगेल!) 10 टन म्हणजे लिटरला पन्नास देणारी मोटारसायकल दोन लाख किलोमीटर चालवण्याइतकं.

केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये झिगझॅग, उभ्या शाफ्टची भट्टी किंवा पाइप गॅस अशी सक्ती करणारी अधिसूचना काढली. पण झिगझॅग भट्टीला पक्कं बांधकाम लागतं आणि रोज हजारोंनी विटा भाजाव्या लागतात. भाड्याच्या रानात दिवाळीनंतर भट्टी लावून पावसाआधी आवरणाऱ्याला ते कसं परवडणार? मी ज्यांच्याकडून विटा उचलतो ते सगळे अजून जुन्याच पद्धतीने भाजतात.

मग तुमच्या हातात काय? पहिलं म्हणजे विटा कमी लावा. बाहेरच्या नऊ इंची भिंतीसाठी रॅट-ट्रॅप बॉन्ड सांगा. यात विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी हा प्रकार रुळवला. विटा पाव हिश्शाने वाचतात, मसालाही वाचतो आणि पोकळीमुळे घर कमी तापतं. गवंडी कुरकुर करेल, त्याला एक भिंत करून दाखवायला सांगा. मात्र लाइटचे पाइप आधी ठरवा. नंतर झिरी मारलीत तर पोकळी फुटते.

दुसरं, वीट पारखून घ्या, कारण जी फुटते किंवा पाणी पिते तिचा कोळसा फुकट गेला. भट्टीच्या कडेच्या विटा बऱ्याचदा पिवळ्या आणि कच्च्या राहतात, आगीजवळच्या वितळून खंगर होतात. दोन विटा एकमेकींवर आपटा, खणखणीत आवाज यायला हवा. एक वजन करून चोवीस तास पाण्यात ठेवा. तीन किलोच्या विटेचं वजन सहाशे ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं तर तो माल परत पाठवा.

फ्लाय ॲशची, म्हणजे औष्णिक वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेची वीट चांगली, पण ‘पर्यावरणपूरक’ या पाटीवर जाऊ नका. ती भाजत नाहीत, पण तिच्यात सिमेंट असतं, आणि सिमेंट करताना चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड निघतो. दहा टक्के सिमेंट धरलं तर विटेमागे अंदाजे सव्वादोनशे ग्रॅम, म्हणजे भट्टीच्या विटेच्या तिसरा हिस्सा. एकलहरे, परळी, दीपनगर, कोराडी अशा औष्णिक वीज केंद्रांच्या आसपास राहत असाल तर बेलाशक घ्या. लांबून ट्रकने आणायची असेल तर डिझेलचा हिशेब आधी करा.

आता रोजचं. आपल्या ग्रिडची वीज अजून मुख्यतः कोळशाची. एका युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. पंचाहत्तर वॉटचा जुना पंखा काढून पस्तीस वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा लावला आणि तो दिवसाला बारा तास, वर्षातले तीनशे दिवस चालला, तर पंख्यामागे वर्षाला शंभर किलो वाचतात. चार पंख्यांचे चारशे. पंचवीस वर्षांत तेच 10 टन होतात, म्हणजे तुमच्या सगळ्या विटांइतके! (वीज स्वच्छ होत गेली तर कमी, तेवढं चालेल.) स्वयंपाकाच्या गॅसचा 14.2 किलोचा सिलिंडर जळला की सुमारे 42 किलो. डाळ भिजवून कुकरला लावली तर तोही थोडा जास्त पुरतो, पण त्यातून चमत्काराची अपेक्षा नको.

स्लॅब तुमचाच असेल तर पीएम सूर्यघर या छतावरच्या सौर पॅनेलच्या योजनेत 3 किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान मिळतं. पॅनेल आज परवडत नसेल तरी स्लॅबवरून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप आत्ताच टाकून ठेवा, आणि पाण्याची टाकी दक्षिणेला बांधू नका. तिची सावली वर्षातले बरेच महिने पॅनेलवर पडेल.