पावसाळ्यात सुंदरबनच्या इलिश-सहलीला जावं का? काटे झेपतील का?

तुमचा प्रश्न असा: ऑगस्टमध्ये ऑफिसच्या कामाने कोलकात्याला जातोय, शनिवार-रविवार मोकळा आहे, सुंदरबनात बोटीवर ‘इलिश उत्सव’ म्हणून दोन दिवसांची सहल असते ती करावी का, आणि जन्मभर सुरमई-पापलेट खाल्लेल्या माणसाला तो काटेरी मासा झेपेल का?

जा. डोळे मिटून जा असं लिहिणार होतो, पण हा मासा डोळे मिटून खायचा नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. नोकरीपायी कोलकात्यात सहा पावसाळे काढले आणि या सहलीला तीनदा गेलो. पहिल्यांदा फसलो. आयोजकाने ‘इलिशचे आठ प्रकार’ सांगितले होते, ते मिळालेही; पण मासे वीतभर, आणि माणशी एकेक तुकडा मोजून. लहान इलिशला तिकडे ‘खोका’ म्हणतात. त्यात काटे तेवढेच, चरबी मात्र नाही, म्हणजे सगळा तोटाच. खरं तर २३ सेंटिमीटरपेक्षा लहान इलिश धरायला बंगालात बंदी आहे, तरी बाजारात तो सर्रास दिसतो. त्यामुळे बुकिंग करताना प्रकार किती हे विचारू नका, मासा केवढा ते विचारा. किलोच्या आसपासचा म्हणाले तर होय म्हणा. आणि ऑगस्टमध्ये कुणी ‘खास पद्मेचा इलिश’ (पद्मा म्हणजे बांगलादेशातली गंगा) म्हणून जास्त पैसे मागितले तर सावध व्हा. बांगलादेशाने २०१२ पासून इलिशची निर्यात बंद ठेवली आहे. अलीकडच्या वर्षांत दुर्गापूजेच्या तोंडावर थोडा माल सोडतात तेवढाच.

दुसरी गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. तुमची बोट ज्या पाण्यात तरंगत असते, त्यातला तो मासा नसतो. इलिश राहतो समुद्रात आणि पावसाळ्यात अंडी घालायला गोड्या पाण्याकडे, नदीत उलटा चढतो. ट्रॉलर त्याला नदीच्या तोंडाशी किंवा समुद्रातच गाठतात. काकद्वीप, नामखान्याला उतरवतात, डायमंड हार्बरच्या आडतीवर लिलाव होतो आणि बर्फाच्या पेटीतून तो तुमच्या बोटीवर येतो. नदीत चढून आलेला, रुंद पोटाचा, पाठीवर गुलाबी झाक असलेला इलिश वेगळाच. रूपनारायण नदीवरच्या कोलाघाटचं नाव त्यासाठी घेतात, पण आता तिथेही तो नशिबाने मिळतो. एके काळी हा मासा गंगेतून पार प्रयागपर्यंत जायचा. १९७५ मध्ये फराक्क्याचं धरण सुरू झालं आणि त्याची वाट अडली. आमच्या ऑफिसातले एक बिहारी गृहस्थ सांगायचे, त्यांच्या आजोबांनी घराजवळच्या गंगेतला इलिश खाल्ला होता. यांना मात्र तो कोलकात्यात येऊन खावा लागला.

मग बोटीवर कशाला जायचं, कोलकात्यात हॉटेलात बसून खावा की? मीही हेच म्हणायचो. दुसऱ्या खेपेला बोटीच्या मागच्या बाजूला, स्वयंपाक चालतो तिथे जाऊन बसलो आणि मत बदललं.

बोटीवरचा आचारी फळीवर उकिडवा बसला होता. पायाखाली ‘बोंटी’, म्हणजे आपली विळीच हो! फक्त पातं उंच आणि टोकाला खोबरं खवायचं दातेरी फूल नाही. खवले काढून अख्खा मासा धुतला, मग कापला, आणि कापल्यावर पुन्हा पाण्याचा थेंब लावू दिला नाही. मी सवयीने म्हटलं, रक्त आहे की, धुवा ना. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं आपण भरलेल्या पापलेटावर सॉस मागणाऱ्याकडे बघू. कापल्यावर धुतला तर चव वाहून जाते, असं त्यांचं ठाम मत. मोहरीच्या तेलात तुकडे सोडले आणि दोन मिनिटांत तेल होतं त्यापेक्षा जास्त झालं, कारण माशाची चरबी सुटत होती. तेच तेल, तळलेली हिरवी मिरची आणि मीठ त्याने गरम भातावर घातलं आणि ताट पुढे सरकवलं. वर बारीक भुरभुर पाऊस लागला होता. या पावसाला बंगालीत इलिशच्या नावाचाच शब्द आहे, ‘इल्शेगुंडी’. असा पाऊस पडला की जाळ्यात इलिश येतो म्हणे. माझ्यासाठी ती सहल तिथेच वसूल झाली. पुढचे सहा प्रकार बोनस.

तरी त्या प्रकारांबद्दल थोडं. ‘शोर्षे इलिश’ सगळ्यांना माहीत असतो: मोहरी मीठ आणि हिरवी मिरची घालून वाटायची, नाहीतर कडू होते. ‘भापा’ म्हणजे तोच मसाला लावून वाफवलेला, ‘पातुरी’ केळीच्या पानात गुंडाळलेला. पण मला विचाराल तर वांग्याच्या फोडी आणि कलौंजी घातलेलं पातळ कालवण मागून घ्या, ‘बेगुन दिये पातला झोल’. कांदा नाही, लसूण नाही, नारळ नाही. आपल्या जिभेला पहिल्या घासाला ते बिचारं वाटतं. तिसऱ्या घासाला कळतं की मसाला माशाच्या वाटेत येत नाहीये. आणि माशाचं डोकं घालून केलेली अळूची भाजी, ‘कोचू शाक’, आली तर सोडू नका. अळूच्या फदफद्यात माशाचं डोकं ही कल्पना आपल्याकडे कुणाला सुचली नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

आता काटे. इलिशला शिरेसारखे बारीक, दुफाटे काटे असतात आणि ते मांसात कुठेही निघतात. तुकडे दोन जातींचे: पाठीचा ‘गादा’ आणि पोटाचा ‘पेटी’. गाद्यात काटे फार, पेटीत कमी आणि मोठे, चरबीही जास्त. नवखे आहात, निमूट पेटी मागा. कुणी हसत नाही. चमचा बाजूला ठेवा. थोडं मांस सोडवायचं, अंगठा आणि दोन बोटांत हलकं चुरायचं, काटा बोटाला लागतो, तो ताटाच्या कडेला. मग चिमूटभर भातात घालून खायचं. भातात कालवून मोठा घास घेतलात तर फसलात. मी फसलो होतो. शेजारच्या आजींनी कोरड्या भाताचा गोळा न चावता गिळायला लावला आणि काटा गेला. वर म्हणाल्या, मुंबईची माणसं घाईत जेवतात. रत्नागिरी आणि मुंबई यांत फरक आहे हे सांगायला तेव्हा घसा मोकळा नव्हता. तुम्ही घरी तारली, पेडवे खात असाल तर अर्धी परीक्षा पास आहात. त्यातूनही नकोच वाटलं तर बोटीवर ‘भेटकी’ असतो, म्हणजे आपला जिताडा. आणि कधी ‘लोइट्टा’, तो चक्क बोंबील.

प्रवासाचं थोडक्यात: सियालदाहून लोकलने कॅनिंग, तिथून गाडीने गोदखाली, मग बोट. कोलकात्याहून साधारण १०० किलोमीटर. जंगलखात्याचा परवाना आणि गाइड लागतो. तुमच्या तारखांना प्रवेश चालू आहे ना, हे आधी पक्कं करा. वाघ दिसेल हे विसरा. पावसाळ्यात तर जंगल इतकं दाट असतं की किनाऱ्यावर बसलेला दिसायचा नाही. ओहोटीला मात्र चिखल उघडा पडतो, त्यावर निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारतात, मगर लाकडासारखी पडलेली असते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते, ‘कोटाल’ म्हणतात. तेव्हा वादळाचा इशारा असेल तर सरळ तारीख बदला, पैसे बुडाले तरी. गावात उतरवलं तर बनबीबीचं देऊळ बघा. मध गोळा करणारे आणि मासेमार, हिंदू काय मुसलमान काय, जंगलात शिरण्याआधी तिलाच हात जोडतात.

बोटीवर बंगाली कुटुंबं असतीलच. त्यांना एकदा विचारा, इलिश भारी की चिंगडी (म्हणजे कोळंबी)? पूर्व बंगालातून आलेले ‘बांगाल’ इलिशचे आणि ईस्ट बंगाल या फुटबॉल क्लबाचे, इकडचे मूळचे ‘घोटी’ चिंगडीचे आणि मोहन बागानचे. पुढचे दोन तास तुम्हाला बोलावं लागणार नाही.

श्रावणाचं तुमचं तुम्ही बघा. आपल्याकडे ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या आणि पुढे श्रावण. त्यांच्याकडे बंदी १४ जूनलाच उठते आणि ऐन श्रावणात इलिशचा हंगाम भरात असतो. मी आईला फोनवर ‘नदी बघायला गेलो होतो’ एवढंच सांगितलं. ती म्हणाली, बरं, काटे नीट काढलेस ना?

आणि सोमवारी सकाळी मीटिंग असेल तर रविवारी रात्री उरलेला इलिश खाऊ नका. बोटांचा वास लिंबू चोळूनही जात नाही.