गावात राहायला येण्याआधी

इंग्लंडमधल्या लडलोजवळ घर घेतलंस, छान केलंस. आता आधी लायसन्सचं बघ. भारतीय लायसन्सवर इथे स्थायिक झाल्यापासून फक्त 12 महिने गाडी चालवता येते, आणि लंडनला काढलेले महिनेही त्यात धरायचे. नंतर प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्स, काढून परीक्षा. तिची तारीख लवकर मिळत नाही. मी दहाव्या महिन्यात जागी झाले आणि पुढचं अर्धं वर्ष बसच्या वेळापत्रकावर संसार केला. रविवारी तर बसच नव्हती!

बऱ्याच गावांत गॅसची पाइपलाइन नसते. अंगणातल्या टाकीत तेल भरून घर गरम ठेवायचं. विक्रेते सहसा 500 लिटरपेक्षा कमी देत नाहीत, म्हणून थंडी पडायच्या आत मागव. शेजाऱ्यांबरोबर मागवलंस तर स्वस्त पडतं, शिवाय ओळखही होते.

अरुंद रस्त्यावर समोरून ट्रॅक्टर आला, तर ज्याच्या मागे गाडी बाजूला घ्यायची जागा जवळ, त्याने मागे जायचं. हात वर करून आभार मानायला विसरलीस तर गावभर कळतं, खरंच. शेतातल्या पायवाटेवरचं फाटक जसं दिसलं तसंच ठेव.

तूरडाळ, गोडा मसाल्याचं सामान बर्मिंगहॅमहून एकदम आण. कढीपत्ता फ्रीझरमध्ये टाक.